उतारवयातील धावक आणि त्याचा गोतावळा

विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटरांचे अंतर ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे लोकलने कापले, त्यांना निवृत्तीनंतर नेमके काय हरवले असे कधी विचारून पाहावे. कार्यालयाची आठवण फारशी निघत नाही. आठवतो तो डबा. ठरलेली गाडी, ठरलेला दरवाजा, जागा धरून ठेवणारा सोबती, परतीच्या प्रवासातले भजन आणि दसऱ्याला फुलांच्या माळांनी सजवलेली गाडी. एक दिवस निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि दुसऱ्या सकाळी ही सारी माणसे आयुष्यातून एकदम नाहीशी होतात. मालाडला उतरणारा सोबती आता आहे की नाही, हेही कळत नाही.

वसई-विरारमध्ये पहाटे धावणाऱ्यांच्या गटांत साठी ओलांडलेली माणसे एवढ्या ओढीने का येतात, याचे उत्तर बहुधा या हरवलेल्या डब्यात सापडते. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली आणि २०११ पासून येथे मॅरेथॉन भरू लागली. डिसेंबरमधील त्या स्पर्धेच्या निमित्ताने धावण्याचा सराव गल्लोगल्ली पोहोचला. पूर्वी एखादाच हौशी धावक दिसे. आता सुरुची बागेकडे, भुईगाव-राजोडीच्या किनारी किंवा वाड्यांमधल्या सावलीच्या रस्त्यांवर उजाडण्यापूर्वीच चार-सहा जणांचे घोळके भेटतात. त्यांत पंचविशीतला अभियंता असतो, शाळेतल्या बाई असतात आणि सगळ्यांच्या मागून, पण न चुकता येणारे एक काका असतात.

या काकांचे घरी काय होते, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गुडघा एकदा दुखतो, रक्तदाबाची गोळी सुरू होते, शेजारचे कोणी पळताना कोसळल्याची बातमी येते आणि मुलगा किंवा सून म्हणते, “बाबा, आता पुरे.” त्यामागे माया असते, भीतीही असते, आणि ती भीती निराधार नसते. परंतु त्या एका वाक्याने दोन गोष्टी एकाच वेळी बंद होतात, हे सहसा लक्षात येत नाही. धावणे थांबते आणि त्याबरोबर माणसेही सुटतात. पहिल्या गोष्टीचा निर्णय वैद्यकीय आहे. दुसरीचा निर्णय तर कोणी घेतलेलाच नसतो.

पहिल्या गोष्टीसंबंधी आपल्या हाती बऱ्यापैकी पुरावा आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ५३८ धावकांची आणि न धावणाऱ्या ४२३ जणांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, हे धावक पन्नाशीपुढच्यांसाठीच असलेल्या एका धावक-मंडळाचे सदस्य होते. एकोणीस वर्षांनंतर न धावणाऱ्या गटातील ३४ टक्के व्यक्ती निवर्तल्या होत्या, तर धावकांतील १५ टक्के. अंघोळ, कपडे घालणे, खुर्चीतून उठणे अशा दैनंदिन कामांतील परावलंबन धावकांमध्ये पुष्कळ उशिरा आले. याच प्रकल्पात काही जणांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे अनेक वर्षे घेतली गेली. धावणाऱ्यांच्या गुडघ्यांची झीज इतरांपेक्षा अधिक आढळली नाही.

मात्र या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. धावक-मंडळात नाव घालणारा मनुष्य मुळातच काहीसा निरोगी व शिस्तीचा असतो. संशोधकांनी हा फरक गणिताने वजा करण्याचा प्रयत्न केला, तरी तो पूर्णपणे वजा होत नाही. आणि ज्याचा गुडघा आधीच झिजलेला आहे, त्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडत नाही. पण “पळाल्याने गुडघे झिजतात” हे घराघरांत ऐकू येणारे वाक्य सरसकट खरे नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

दुसऱ्या गोष्टीसाठी फौजा सिंग यांचे आयुष्य पाहावे. पंजाबातील ब्यास पिंड या गावचे हे शेतकरी. पारपत्रावरील नोंदीनुसार जन्म १ एप्रिल १९११. वार्धक्यात पत्नी गेली, १९९४ मध्ये अपघातात मुलगा गेला, आणि ते लंडनमध्ये दुसऱ्या मुलाकडे राहू लागले. भाषा परकी, हाताला काम नाही, दुःख ताजे. तेथे धावण्याचे प्रशिक्षक हरमंदर सिंग यांच्याशी त्यांची गाठ पडली. पहिल्या सरावाला ते थ्री-पीस सूट घालून आले होते, असे सांगितले जाते. इ. स. २००० मध्ये, ८९व्या वर्षी, त्यांनी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. ऑक्टोबर २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन ८ तास ११ मिनिटांत. जन्मदाखला नसल्यामुळे गिनीज बुकाने त्या विक्रमाची नोंद केली नाही, आणि माझ्या मते त्याने फारसे बिघडलेही नाही. अधिक मोलाचे आहे ते पुढचे. फेब्रुवारी २०१३ मध्ये हाँगकाँगला दहा किलोमीटर धावून त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. पण चालणे सुटले नाही आणि ‘सिख्स इन द सिटी’ हा पूर्व लंडनचा धावक-गट त्यांना अखेरपर्यंत आपला मानत राहिला. धावणे संपले, मंडळ संपले नाही.

काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांनी मनावर घ्यावी अशी हीच वाट आहे. एकवीस किलोमीटरचे दहा करावेत, दहाचे पाच, मग दोन मिनिटे पळणे आणि तीन मिनिटे चालणे, मग केवळ चालणे. तेही झेपेनासे झाले तर वेळ नोंदवणे, पाण्याच्या बाटल्या सांभाळणे, नवख्या मुलांना बुटांच्या नाड्या कशा बांधाव्यात ते दाखवणे. प्रत्येक पायरीवर पहाटेची भेट कायम राहते. गटातील तरुणांनीही येथे थोडे पुढे यावे. काका दोन दिवस दिसले नाहीत तर दूरध्वनी करणारा एक जण ठरलेला असावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी असा दूरध्वनी कधी कधी कोणत्याही गोळीहून लवकर उपयोगी पडतो.

या ओढीची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. गटाची माया लागलेला ज्येष्ठ धावक दुखणे लपवतो. “मी मागे पडलो तर हे माझ्यासाठी थांबतील” या संकोचाने छातीतला दाब तो अपचनावर ढकलतो. छातीत आवळल्यासारखे होणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, थंड घाम, भोवळ, नेहमीच्या अंतरावर अवचित लागलेला दम: यांपैकी काहीही झाले तर त्याच जागी थांबावे, सोबत्याला सांगावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. पदकासाठी उरलेला एक किलोमीटर रेटणाऱ्या सत्तरीतल्या गृहस्थाचे कौतुक करणे आपण सर्वांनीच सोडून द्यावे.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न नीट विचारावा. “पळू की नको?” असे विचारले की “नको” हे उत्तर सोपे असते. “किती पळू, कोणत्या वेगाने, आणि माझ्या औषधांचा त्यावर काय परिणाम होईल?” असे विचारावे. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या नाडीचा वेग रोखून धरतात. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबता येत नाही. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी: धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आपल्या दमट किनारी हवेत शरीरातील पाणी झपाट्याने घटते, आणि वाढत्या वयात तहान उशिरा जाणवते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावे, तसेच घरी परतल्यावर तळपाय उजेडात न्याहाळावेत. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते आणि तिच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायामही. आपल्याकडचे धावक हा दुसरा भाग हमखास टाळतात. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीचा आधार जवळ ठेवून एका पायावर उभे राहणे, एवढ्याने सुरुवात होते. किनाऱ्यावर धावायचे तर ओहोटीची वेळ पाहून ओल्या, घट्ट वाळूवर धावावे. मऊ वाळूत घोट्यामागची शीर ताणली जाते, आणि उतरत्या पुळणीवर एक पाय सतत खाली पडून कंबर धरते.

सर्वात मोठा धोका मात्र रस्त्यावर असतो. १४ जुलै २०२५ रोजी, वयाच्या ११४व्या वर्षी, फौजा सिंग गेले ते आजाराने नव्हे. गावाजवळच्या महामार्गावर त्यांना मोटारीने धडक दिली होती. आपल्याकडे पहाटेचा अंधार, भरधाव वाहने, फुटलेले पदपथ, मोकाट कुत्री आणि पावसाळ्यात पाण्याखाली गेलेले खड्डे, असे सारे एकत्र येते. म्हणून उजाडल्यावर निघावे, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने जावे, चमकणारी पट्टी असलेला अंगरखा घालावा आणि एकट्याने न जाता गटातच जावे. खिशात एक चिठ्ठी ठेवावी: नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरचे दोन दूरध्वनी क्रमांक. तिची एक प्रत गटप्रमुखाकडेही द्यावी, आणि त्याचा क्रमांक सुनेच्या किंवा मुलाच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून घ्यावा.