मलिद्याचे ताट आणि घरची प्रार्थना



मलिदा म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. पोळी चुरावी, तीत गूळ-तूप घालून मळावी, की झाला मलिदा. उरुसाला तो दर्ग्यावर चढतो आणि पोरांच्या ओंजळीत पडतो. नांदूरघाटच्या मंडळींना आज मी दुसऱ्याच एका मलिद्याची हकीकत सांगणार आहे. हा मलिदा कोकणातला, आणि तो करणारे लोक धर्माने यहुदी. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. मायबोली मात्र त्यांची तुमची-आमचीच, मराठी.

प्रश्न असा आहे की, ज्यांच्यापाशी पोथी नाही आणि पुरोहितही नाही, त्यांनी प्रार्थना करावी कशी? मूल जन्मले, लग्न ठरले, माणूस गेला, तर विधी कोणता करावा? बेने इस्रायलांपुढे हा प्रश्न कित्येक शतके उभा होता.

त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नौगाव येथे त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे ही माणसे कोकणच्या खेड्यांत पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, अशी आडनावे पडली. हिब्रू भाषा विसरली. राहिले काय? शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि देव एकच आहे असे सांगणारी 'शमा' नावाची प्रार्थना. मंगल असो की अमंगल, प्रत्येक प्रसंगी ते तीच म्हणत.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा भांडवलावर धर्म टिकतो होय? टिकला, आणि तो कसा, हे मलिद्याच्या ताटात पाहायला मिळते. भिजवलेले पोहे, खवलेले खोबरे, साखर, वेलदोडा, आणि वर निरनिराळी फळे. म्हणजे कोकणच्या घरात जे असते तेच. ताटाभोवती घरचे आणि शेजारचे बसतात. एलियाहू हन्नबी, म्हणजे यहुद्यांचा प्रेषित एलिया, याची आठवण काढतात, त्याचे स्तोत्र गातात. मग फळांवर देवाचे आभार मानून ताट सर्वांना वाटतात. नवस फेडायचा असो, लग्न असो, नव्या घरात राहायला जायचे असो, मलिदा हवाच. एलियाहूचा रथ आकाशात गेला तेव्हा त्याच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळे गावच्या खडकावर उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथेही नवस फेडायला लोक जातात.

सणांची नावेही त्यांनी घरच्याच बोलीत ठेवली. यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा मोठा उपास, त्या दिवशी दारे लावून घेत, म्हणून तो 'दारफळणीचा सण'. वर्षारंभीचा तो 'नव्याचा सण'. लग्नात मेंदी आली, गळ्यात मंगळसूत्र आले. मुलीला पाळण्यात घालून बायका नाव ठेवू लागल्या.

पुढे पोथ्या आल्या. 1796 साली मुंबईत सामुएल दिवेकरांनी त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमारास तर मुंबईत यहुदी कीर्तने सुरू झाली. हरदासी थाटात, साकी-दिंडीच्या चालींवर, अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने! अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी वेदान्त मराठीत सांगितला, हे अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला यात काही परके वाटू नये.

यातली मुद्द्याची गोष्ट अशी. पोथी हाती आल्यावर त्यांनी मलिद्याचे ताट उचलून बाजूला ठेवले नाही. यहुदी धर्मात आशीर्वचनाची एक ठरलेली घडण आहे. आधी देवाला विश्वाचा राजा म्हणून वंदन करायचे आणि मग समोर जे असेल त्याबद्दल आभार मानायचे. झाडाच्या फळाला एक वचन, जमिनीतून उगवणाऱ्याला दुसरे. ही वचने त्या कोकणी ताटावर नेमकी बसली. विधी घरचा आणि शब्द पूर्वजांचे, असा सांधा जुळला.

मात्र घरच्या माणसांनी टिकवलेला धर्म बाहेरच्यांना पटतोच असे नाही. 1948 नंतर बेने इस्रायलांपैकी पुष्कळजण इस्रायलला गेले. तेथे 1962 साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मावले की, यांच्यातले लग्न लावण्यापूर्वी मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. इतकी शतके शनिवार पाळलेल्या माणसांना 'तुम्ही पुरते यहुदी कशावरून?' असे विचारणे किती बोचले असेल! त्यांनी धरणे धरले. 1964 साली तेथील संसदेने ठराव करून त्यांची बाजू घेतली आणि तो दंडक मागे घ्यावा लागला. आज इस्रायलमधील त्यांच्या घरांतही मलिद्याचे ताट मांडले जाते.

नवा विधी घडवण्याची गरज काही ग्रंथ हरवलेल्यांनाच पडते असे नव्हे. यहुदी मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याला धर्मग्रंथाचे वाचन करण्याचा मान मिळे; मुलीसाठी तसा समारंभ नव्हता. 1922 साली न्यूयॉर्कमध्ये ज्यूडिथ कॅप्लन या बारा वर्षांच्या मुलीने प्रार्थनामंदिरात सर्वांसमोर वाचन केले. आज अनेक देशांतल्या यहुदी मुलींसाठी असा समारंभ होतो.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? जात्यावर बसलेल्या बाईने लेकीच्या सासरवाटेवर ओवी रचली, भावाच्या आठवणीची ओवी रचली. तिला कोणी परवानगी दिली होती? तिने चाल जुनी घेतली, देव ओळखीचा घेतला, आणि दुःख मात्र आपले घातले. जवळ बसलेलीने ती उचलली, म्हणून ती टिकली.

तेव्हा घरी एखादा प्रसंग असा आला की ज्याला पोथीत विधी सापडत नाही, तर अडून बसू नये. दत्तक मूल घरी आले, मोठ्या दुखण्यातून माणूस उठला, परदेशी निघालेल्या नातवाला निरोप द्यायचा आहे, असे प्रसंग येतातच. वडिलांच्या तोंडची एखादी जुनी प्रार्थना घ्यावी. तिला जोडून, मनात आहे ते साध्या मराठीत बोलावे. घरात पिकले असेल ते ताटात ठेवावे आणि शेजाऱ्यांना बोलावून वाटून खावे. कोकणातल्या त्या तेल्यांनी याहून वेगळे काही केले नव्हते.