मागची डावी काच खाली करू नका

पांढुर्णा-सौंसरकडे दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत बसलात की एक सूचना हमखास मिळते. "ती मागची डावी काच खाली नको करू, वर नाही येत मग." कुणाच्या गाडीत मागची डावी, कुणाच्या पुढची उजवी, पण सूचना तीच. घरच्यांना ती पाठ असते, पाहुण्यांना सांगावी लागते, आणि सांगूनही एखादा भाचा बटण दाबतोच. मग सगळी वरात बगिच्याच्या वाटेवरची धूळ खात घरी येते.

आमच्या बाबांची गाडी २००९ ची. पाटीवर एमपी २८, म्हणजे छिंदवाडा. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसरही त्यात आलं, पण गाडी पाटीवर अजून छिंदवाड्याचीच आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग तपासणी करून ५ वर्षांनी वाढवता येते. बाबांनी ती २०२४ मध्ये वाढवून घेतली. त्यामुळे "आता विकून टाका" हा माझा मुद्दा २०२९ पर्यंत निकालात निघाला. गाडी राहणार असेल तर तिच्या दोन बंद काचांचं काहीतरी करायलाच हवं होतं.

हे काम मला लांबणीवर टाकवेना, त्याचं कारण पाणी. बाबा पावसाळ्यातही सौंसरकडच्या बगिच्यात एकटे जातात. वाटेत रपटे आहेत. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही, हा पहिला नियम आणि त्याला अपवाद नाही. पण गाडी पाण्यात गेलीच, तर बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे दार उघडत नाही. बाहेर पडायची वाट काचेतूनच असते. विजेवरच्या काचा पाण्यात पडल्या पडल्या बंद होत नाहीत, सुरुवातीचा थोडा वेळ बहुधा चालतात. तेवढ्यात पट्टा सोडायचा, काच खाली करायची, आधी मुलांना बाहेर काढायचं आणि मग आपण निघायचं. समोरची काच फोडण्यात वेळ घालवू नये. ती दोन थरांमध्ये प्लास्टिक घालून केलेली असते, तडकते पण सुटत नाही. बाजूच्या काचा जुन्या गाड्यांत बहुतेक कडक केलेल्या असतात, त्या कोपऱ्यावर टोकदार हातोडीनं मारलं की चुरा होऊन पडतात. हे सगळं माहीत असताना चारातल्या दोन काचा मुक्या असलेली गाडी वडिलांच्या हातात कशी द्यायची?

पोळ्याला घरी होतो. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार. त्या दिवशी आमच्याकडे गाडी बाहेर काढायचा प्रश्नच नसतो, म्हणून तिला अंगणातच उघडली. त्याआधी एका गॅरेजवाल्यानं दाराला हात न लावता निदान केलं होतं, "दोन्ही मोटरी गेल्या, नागपूरहून मागवा." मोटर जातेही, नाही असं नाही. पण बाकी सगळं तपासून झाल्याशिवाय तिच्यावर आळ घेऊ नये, असं माझं मत आहे.

ऑफिसात एखादा प्रोग्राम अडला की आम्ही आधी त्याचे दोन भाग करतो आणि दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघतो. इथेही तेच करता येतं, आणि एक रुपया खर्च न करता. संध्याकाळी अंधार पडल्यावर इंजिन बंद ठेवून चावी ऑनवर फिरवा, आतला छताचा दिवा लावा आणि बिघडलेल्या काचेचं बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर वीज मोटरीपर्यंत पोचते आहे. दोष बहुधा काचेत, रबरात, मशीनमध्ये किंवा अडकलेल्या मोटरीत आहे. दिवा जराही हलला नाही तर वीज वाटेतच कुठेतरी तुटली आहे, म्हणजे फ्यूज, रिले, स्विच किंवा वायर. एका बटणात अर्धं काम झालं.

आमच्याकडे मागच्या डाव्या काचेला दिवा मंद झाला आणि दारातून "हूं" असा आवाजही आला. पुढच्या डाव्या काचेला काहीच नाही. म्हणजे एकाच गाडीत दोन वेगळे आजार होते आणि औषध मात्र एकच सांगितलं होतं.

मागचं दार आधी उघडलं. पॅड काढल्यावर आत बघण्यासारखं दृश्य होतं. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती काळ्या मातीनं लिंपून गेली होती. काचेच्या कडेनं आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथेच साचत राहिलं आणि काच उचलणाऱ्या कात्रीसारख्या मशीनवर गंज चढला. वर काच ज्या रबराच्या खाचेतून सरकते, ते रबर वाळून कडक झालेलं आणि धुळीनं भरलेलं. मोटर बिचारी जोर लावत होती. तिच्या आत उष्णतेनं तुटणारी एक जोडणी असते. फार वेळ अडून राहिली तर मोटर स्वतःच बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालते. "सकाळी चालते, दुपारी नाही" ही जी तक्रार ऐकू येते, ती बरेचदा यामुळेच.

भोकं तारेनं मोकळी केली. खाचेतलं रबर ओल्या फडक्यानं पुसलं, वाळू दिलं आणि त्यात सिलिकॉनचा फवारा मारला. इथे घरातलं तेल किंवा ग्रीस वापरू नका. पेट्रोलियमच्या तेलानं रबर फुगतं आणि आमच्याकडची धूळ त्यावर चिकटून आठ दिवसांत खरकागद तयार होतो. ग्रीस फक्त मशीनच्या लोखंडी सांध्यांना लावावं. काच वर आली, आधी कण्हत आणि चौथ्या-पाचव्या वेळी नीट. या प्रकारच्या मशीनला काही गाड्यांत ताणलेली स्प्रिंग असते. पुढे कधी मोटर काढायची वेळ आलीच तर मशीन आधी घट्ट बांधा, नाहीतर ते झटक्यात फिरून बोटं तोडेल. आणि दारात हात असताना चावी दुसऱ्या कुणाकडे ठेवू नका.

पुढच्या काचेचं प्रकरण वायरिंगचं होतं. मोटर वर आणि खाली अशी दोन्हीकडे फिरते, कारण स्विच तिच्या दोन वायरींची अदलाबदल करतो. एकीला बारा व्होल्ट, दुसरीला अर्थ. आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत शेजारच्या सीटच्या काचेचा हा अर्थ ड्रायव्हरच्या दारावरच्या मुख्य स्विचमधून जातो. म्हणजे डाव्या दाराचं बटण चांगलं, मोटर चांगली, पण उजव्या दारातला मुख्य स्विच घाण झाला तर डावी काच बंद! लोक डावं दार खोलून दिवसभर शोधत बसतात. मुख्य स्विच हातावर चहा सांडायच्या आणि पाऊस यायच्या नेमक्या जागी असतो. आमचा खोलला तर आतले संपर्क काजळीनं काळे. कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुऊन मऊ कापडानं पुसले. खरकागद मारला असता तर वरचा मुलामा गेला असता आणि चार महिन्यांत पुन्हा तेच. दोन्ही काचा चालू झाल्या, मोटर एकही लागली नाही.

बातमी सौंसरला मामांकडे पोचली. त्यांचा फोन, "माझी तं दार अर्धं उघडलं की चालते, लावलं की बंद. भूत आहे का बे हिच्यात?" हे भूत बिजागरीजवळ राहतं. गाडीतून दारात जाणारी वायर एका रबरी नळीतून जाते आणि दार उघडताना-लावताना दर वेळी वाकते. पंधरा वर्षांत हजारो वेळा वाकून आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं.

मामांनी आधीच मल्टिमीटर लावून पाहिलं होतं आणि त्यानं १२ व्होल्ट दाखवले होते, म्हणून ते चक्रावले होते. मीटरला वीज जवळपास लागतच नाही, त्यामुळे एक तंतू शिल्लक असला तरी तो १२ दाखवतो. मोटरीला मात्र भरपूर ॲम्पियर हवे असतात, ते त्या एका तंतूतून कसे जाणार? अशा वेळी इंडिकेटरचा जुना बल्ब आणि दोन वायरी हेच खरं यंत्र. बल्ब वीज ओढतो, म्हणून खोटं बोलत नाही. मामांच्या दारात बल्ब जेमतेम लाल झाला. नळी सरकवली, तुटका तुकडा कापून नवी लवचिक वायर थोडी सैल ठेवून डाग लावून जोडली आणि वर आकसणारी नळी चढवली. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर त्या जागी फार दिवस टिकत नाही.

काचा सुरू झाल्यावर घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट बघाच. मोटरीच्या दातेरी रचनेमुळे वर येणारी काच हातानं मागे ढकलता येत नाही. नव्या काही गाड्यांत अडथळा लागला की काच आपोआप खाली जाते, आमच्या वयाच्या गाड्यांत ती सोय बहुधा नसते. खिडकीतून डोकं काढून उभ्या असलेल्या मुलाचा गुडघा बटणावर पडला तर? अमेरिकेत असे जीव गेल्यावर, बटण वर ओढल्याशिवाय काच बंद होऊ नये असा नियम करावा लागला. आपल्या जुन्या गाडीत मुख्य स्विचवर मागच्या काचा कुलूपबंद करायचं बटण असतं. मुलं मागे असताना ते दाबून ठेवा. ड्रायव्हरला साधारणपणे तरीही सगळ्या काचा उघडता येतात, ते आपल्या गाडीत एकदा स्वतः दाबून खात्री करून घ्या. आणि चावी गाडीत ठेवून किराणा आणायला उतरू नका.

रस्त्यात काच खालीच अडकली आणि पाऊस आला, तर एकानं बटण वर दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं दोन्ही तळव्यांत काच आतून-बाहेरून धरून वर ओढायची. तेवढ्यानं पुष्कळदा येते. मोटर झिजली असेल तर बटण दाबून ठेवून दार एकदा जोरात लावलं तरी काही वेळा जागी होते. वर आली की बटणाला पुन्हा हात लावू नका, चिकटपट्टी लावून घरापर्यंत या.

दार पुन्हा बंद करताना पॅडमागचा प्लास्टिकचा कागद नीट चिकटवून घ्या. गॅरेजमध्ये तो फाडून बाजूला टाकायची पद्धत आहे, मग पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरतं आणि गाडीला ओल्या पोत्याचा वास येतो. पॅडच्या प्लास्टिकच्या क्लिपा जुन्या झाल्यामुळे चार-पाच तुटणारच. त्या आधीच आणून ठेवा, नाहीतर पोळ्याच्या सुट्टीत दुकान उघडं सापडत नाही.