जुनी बुलेट : नवी नको, चालती करा

भोरजवळील उत्रोलीसारख्या गांवीं, गोठ्याच्या कोपऱ्यांत, आजोबांची बुलेट पावसाळ्यामागून पावसाळे काढीत उभी असते. तिच्यावरून घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, भंगारांत घाला. दुसरा म्हणतो, नवी कोरी करा. आमच्या मतें दोघेही चुकतात.

१९५५ सालीं मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, निघालेल्या एन्फिल्ड इंडिया कंपनीची ही गाडी. सिलिंडर एकच, व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ९०. गंजानें दट्ट्या अडकला असल्यास किक मारूं नये; रिंगा तुटतात. प्लग काढून आंत तेल सोडावें व चार दिवस धीर धरावा. नटबोल्ट इंची मापाचे. मिलिमीटरच्या पान्यानें त्यांचे कोपरे झिजतात. टांकीवरील सोनेरी रेघा हातानें ओढलेल्या. खरवडल्या कीं गेल्याच.

शेवटीं किक. ॲमीटरचा कांटा मध्यावर येईपर्यंत ती हळू दाबावी, डीकॉम्प्रेसर ओढून किंचित पुढें न्यावी, मग एकच पुरी किक. हें वाचून कळतें, वळत नाहीं. तें आजोबांच्या पायांत आहे. म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं त्यांना गोठ्यांत बोलवावें. सुटे भाग पुढेंही मिळतील. शिकविणारा मिळेलच असें नाहीं.