दोनशे चौदाचे गौडबंगाल

दिवाळीची गर्दी उसळलेली, आणि दारावरच्या रखवालदाराने 214 गिऱ्हाइके आत सोडून पुढच्यापुढे हात आडवा धरलेला! मालकाने तर 500 जणांना घ्यावे म्हणून लेखी सांगितलेले. हा प्रकार संगणकाच्या दुनियेत पुष्कळांच्या वाट्याला आला आहे.

'मायएसक्यूएल' हे माहितीची कोठारे सांभाळणारे साधन 1995 पासून चालत आलेले आहे. एका वेळी कितीजणांना आत घ्यायचे, तो आकडा त्याच्या सूचनांच्या फायलीत लिहिता येतो. काहीच लिहिले नाही तर तो 151 असतो. कारभारी तेथे 500 लिहितो, यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करतो आणि आकडा विचारतो. उत्तर येते, 214. बिचारा फाईल तीच ना हे पाहतो, अक्षर न् अक्षर तपासतो. पुन्हा 214! बरे, 500 नाही तर 151 तरी यावे; हे 214 आले कोठून?

त्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. लिनक्सवर प्रत्येक कार्यक्रमाला एका वेळी किती फायली उघडू द्यायच्या याचे रेशन असते. ते बहुधा 1024. आत आलेले प्रत्येक गिऱ्हाईक त्यातले एक खाते. 2015 साली आलेली मायएसक्यूएलची 5.7 ही आवृत्ती म्हणजे पक्की हिशेबी गृहिणी. ती आधी 10 फुटकळ खर्चाला काढते. मग 400 कोष्टकांसाठी, प्रत्येकी 2 प्रमाणे, 800 बाजूला ठेवते. उरतात 214, तेवढीच पाने ती मांडते. हे काही ती चोरून करीत नाही, बरे का! मागितले 500, दिले 214, अशी नोंद तिच्या रोजनाम्यात असते. पण रोजनामा उघडतो कोण?

रेशनचे कारण कळले तरी एक चकवा उरतोच. लोक वापरकर्त्यांच्या मर्यादांच्या फायलीत आकडा वाढवतात, आणि काही होत नाही. 2015 च्या सुमारास डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत सेवा सुरू करण्याचे काम 'सिस्टिमडी'कडे गेले. तो ती फाईल वाचतच नाही. त्याच्याच चिठ्ठीत 'लिमिटनोफाइल' समोर 5000 लिहावे, चिठ्ठी बदलल्याचे त्याला कळवावे, आणि मग सेवा पुन्हा सुरू करावी. आकडा 500 होतो.

दारे भरली तरी एक जादा जागा राखीव असते, खास अधिकाराच्या कारभाऱ्यासाठी. बाहेर आरडाओरडा चालू असताना तो तेथूनच आत शिरतो आणि आकडा विचारतो.