शिळ्या पावाचा मान

हॉटेलच्या मेन्यूत ज्याला आपण 'ब्रुशेटा' म्हणतो, त्याचा इटलीतला उच्चार 'ब्रुस्केत्ता'. रोमकडच्या बोलीत 'ब्रुस्कारे' म्हणजे निखाऱ्यावर भाजणं. त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे बघा, नावात टोमॅटो नाही, चीजही नाही, आहे ते फक्त भाजणं! आणि माझं भांडण आहे ते इथंच. आपल्यापुढे येतो तो मऊसूत पाव, त्यावर चीजचा जाड थर. त्याला खुशाल छोटा पिझ्झा म्हणावं.

फ्लॉरेन्सच्या भागात याच्याच साध्या भावंडाला 'फेत्तुंता' म्हणतात, म्हणजे तेलानं माखलेला काप. नोव्हेंबरच्या सुमारास ऑलिव्हचं नवं तेल निघतं. हिरवट, घशाशी किंचित तिखट लागणारं. त्याची खरी चव कळते ती भाजलेल्या पावावर. तिकडचा रोजचा पाव बिनमिठाचा, आणि तो शिळा झाला म्हणून कोणी टाकत नाही. त्याचं रिबोल्लिता नावाचं दाट सूप होतं, उन्हाळ्यात पान्झानेल्ला हे सॅलड होतं. घरात फोडणीची पोळी होणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. टोमॅटो तर युरोपात आला सोळाव्या शतकात, अमेरिकेतून. या पंगतीतला तो उशिरा आलेला पाहुणा!

मी करते ते असं. घट्ट, जाड कडेचा, आदल्या दिवसाचा पाव घेते. सँडविचचा ब्रेड इथं कामाचा नाही. बोटभर जाडीचे काप फुलक्याच्या जाळीवर दोन्हीकडून भाजायचे. कडा थोड्या करपल्या तरी बिघडत नाही. मग सोललेली लसणीची पाकळी गरम कापावर घासायची. खरखरीत पाव किसणीसारखं काम करतो आणि लसूण आपसूक मुरतो. वर तेलाची धार, चिमूटभर मीठ. खरं तर इथं पदार्थ झाला.

भाज्या हव्यातच, तर पिकलेले टोमॅटो बिया काढून बारीक चिरा, मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत निथळत ठेवा. नाहीतर पावाचा लगदा होतो. त्यात बेसिलची पानं हातानं तोडून घाला. बेसिल म्हणजे आपल्या सब्जाचंच जातभाई. तुळस मात्र नको, तिचा वास उग्र. भाजलेली ढोबळी मिरची किंवा वांग्याचे कापही छान लागतात. चीज ताजं मोझरेलाच घ्यावं, हातानं तोडून, दोन-तीन तुकडे. तेवढं पुरे.

हे सगळं पावावर चढवायचं ते मंडळी ताटावर बसल्यावरच. हाक मारल्यावर 'आलोच' म्हणून पेपर वाचत राहणाऱ्यांसाठी पाव आणि टोमॅटो वेगवेगळे ठेवावेत.