दिवा हिरवा, वाट बंद

जव्हारहून नाशिकला जायचे तर मोखाडा, तोरंगण घाट आणि त्र्यंबक. मुंबईकडे उतरायचे तर विक्रमगड आणि मनोर. पावसाळ्यात घाटात दरड आली, तरी एसटीच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला ती दिसत नाही. फलाट जागेवर असतो, गाडी उभी असते, पाटीवर ‘नाशिक’ लिहिलेले असते. वाट खरोखर सुरू आहे का, हे पलीकडून आलेल्या चालकाला विचारल्यावरच कळते. संगणकांच्या जाळ्यातही नेमका हाच प्रश्न आहे, आणि या डोंगराळ तालुक्यांत तो शहरापेक्षा जास्त बोचतो.

राउटर हे जाळ्यातले टपाल छाटणी केंद्र. माहितीची छोटी छोटी पाकिटे त्याच्याकडे येतात. तो फक्त ‘कुठे जायचे’ एवढाच पत्ता वाचतो आणि आपल्या तक्त्यात पाहून पुढच्या मुक्कामाला धाडतो. पाकीट कोणाचे, कशासाठीचे, हे तो विचारत नाही. धोरणानुसार मार्गनिवड, म्हणजे पॉलिसी-बेस्ड राउटिंग, त्याला हे विचारायला शिकवते.

समजा, जव्हारमधल्या एखाद्या रुग्णालयात दोन जोडण्या आहेत. एक जमिनीखालच्या फायबरची. ऑक्टोबर २०११मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. तशीच एखादी वेगवान जोडणी. दुसरी उपग्रहाची. तो उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तरही तसेच. म्हणजे चार फेऱ्यांत सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद जातो. जोडणी अरुंद आणि महागही. म्हणून धोरण असे ठरते : तज्ज्ञ डॉक्टरांशी चाललेला दूरसल्ला आधी फायबरने, ती नसेल तर उपग्रहाने; कर्मचाऱ्यांचे व्हिडिओ फक्त फायबरने.

अडचण पुढेच आहे. फायबर रुग्णालयातल्या एका पेटीत संपते, आणि पेटीपासून राउटरपर्यंत जेमतेम मीटरभर तार असते. राउटरवरचा हिरवा दिवा त्या मीटरभर तारेपुरताच खरे बोलतो. घाटात जेसीबीने फायबर तोडली, तरी दिवा हिरवाच! राउटर तक्ता बाजूला ठेवून, सांगितलेल्या धोरणाप्रमाणे पाकिटे तिकडेच ढकलत राहतो. ती कुठेच पोहोचत नाहीत. उपग्रहाची जोडणी शेजारी मोकळी पडून असते आणि पलीकडचा डॉक्टर पडद्यावर येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ऑब्जेक्ट ट्रॅकिंग, सोप्या शब्दांत वाटेवरची पाळत. राउटर दर काही सेकंदांनी दूरच्या एखाद्या यंत्राला ‘आहेस का?’ असे विचारतो. या हाकेचे नियम जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१मध्ये लिहिले. डिसेंबर १९८३मध्ये माइक मूस यांनी तिच्यावर ‘पिंग’ हा छोटा प्रोग्रॅम रचला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिले. उत्तर येत असेल तर वाट ‘चालू’, नसेल तर ‘बंद’, अशी नोंद राउटर ठेवतो. धोरणात पुढचा मुक्काम लिहिताना त्याला ही नोंद बांधून टाकायची : नोंद ‘चालू’ असेल तरच या मुक्कामाला पाठव, नाहीतर यादीतला पुढचा बघ.

हे सारे चार-सहा ओळींत लिहून होते. चुका मात्र तपशिलात लपतात.

पहिली, हाक कोणाला मारायची? जवळच्या पेटीला मारली तर ती आनंदाने ‘ओ’ देईल आणि घाटातली तूट कळणारच नाही. घाटापलीकडचे ठिकाण हवे. शक्यतो दोन, म्हणजे एक यंत्र दुरुस्तीला गेले म्हणून चांगली वाट बंद धरली जाणार नाही.

दुसरी चूक माझ्याही हातून झाली आहे. फायबर तुटली, राउटरने वाट बदलली, आणि मग हाकही उपग्रहानेच गेली. उत्तर आले, राउटरला वाटले, फायबर सुधारली. सगळे पुन्हा तुटक्या वाटेवर! मग पुन्हा मागे. हा खेळ थांबवायचा तर ती हाक फायबरनेच गेली पाहिजे, दुसरीकडून नाही, असे बजावून ठेवावे लागते.

तिसरी, उतावळेपणा. एक उत्तर चुकले म्हणून वाट बदलू नये. पंधरा सेकंद सलग शांतता असेल तर ‘बंद’, आणि परतल्यावर पूर्ण मिनिटभर टिकली तरच ‘चालू’, असा धीर धरलेला बरा.

चौथी, व्हिडिओंची. फायबर बंद झाली आणि धोरणात दुसरा मुक्काम लिहिलेला नसला, तर राउटर ती पाकिटे टाकून देत नाही. नेहमीच्या तक्त्याकडे वळतो आणि उपग्रहावर लादतो. डॉक्टरांची अरुंद वाट तिथेच तुंबते. ‘फायबर नसेल तर टाकून दे’ हे स्वतंत्रपणे लिहावे लागते.

या तालुक्यांना हा धडा नवा नाही. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सगळ्या राज्याचे लक्ष इकडे वळले. योजना कागदावर होत्याच. त्या पाड्यापर्यंत पोहोचतात का, हे पाड्याला विचारायचे राहिले होते. हिरवा दिवा जवळच्या तारेचा असतो. खबर दूरच्या टोकाकडूनच घ्यावी लागते.

म्हणून शेवटी एक चाचणी सांगतो. व्यवस्था बसवल्यावर राउटरमधली तार उपटून पाहू नये. तसे केल्यास दिवाही विझतो आणि सगळे सोपे होते. पेटीत येणारी फायबर काढावी. दिवा हिरवा राहू द्यावा. तरीही डॉक्टर पडद्यावर परत आले, तर काम झाले असे समजावे.