आजीचा आणि नातवाचा डॉक्टर एकच!

पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १४ जानेवारी १७६१ ची संक्रांत उभी राहते. आजचे पानिपत मात्र निराळे आहे. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरचे, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे हरियाणातील हे शहर चादरी, गालिचे आणि ब्लँकेटांसाठी प्रसिद्ध आहे. परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे येथे फाडून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा केला जातो. उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली कुटुंबे या कारखान्यांत राबतात. अशा एखाद्या एका खोलीच्या बिऱ्हाडात धुळीने खोकणारा बाप, रक्तदाबाचा त्रास असलेली आजी आणि जुलाबाने मलूल झालेले तान्हे बाळ एकाच वेळी आजारी पडू शकतात. तिघांना तीन डॉक्टरांकडे न्यायचे, तर तीन दिवसांची मजुरी बुडते.

अशा वस्तीला मोठ्यांचे आणि मुलांचे दोन्ही आजार जाणणारा डॉक्टर हवा असतो. पण घरातील एमबीबीएस झालेल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला तसाच डॉक्टर व्हायचे आहे’ असे म्हटले, की आईवडील चिंतेत पडतात. ‘म्हणजे स्पेशालिस्ट होणार नाहीस का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर असे, की हेसुद्धा एक स्वतंत्र, कसून शिकण्याचे शास्त्र आहे आणि त्यासाठी रीतसर प्रवेश घ्यावा लागतो.

दोन्ही कशासाठी?

लहान मूल म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याला औषध वजनाच्या हिशेबाने द्यावे लागते. पाणी कमी झाले की ते काही तासांत गंभीर होते. उलट वृद्धाला एकाच वेळी मधुमेह, हृदयविकार आणि गुडघेदुखी असते व एका आजाराचे औषध दुसऱ्याला बाधू शकते.

आणखी एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. थॅलसेमिया, जन्मजात हृदयदोष किंवा बालपणीचा मधुमेह असलेली मुले आता योग्य उपचारांमुळे मोठी होतात. बालविभागाची वयोमर्यादा कुठे १२, कुठे १४, तर कुठे १८ वर्षे. ती ओलांडली की ओळखीचा डॉक्टर सुटतो आणि मोठ्यांच्या विभागाला लहानपणीच्या आजाराचा पुरेसा अनुभव नसतो. नेमक्या या वयात उपचारात खंड पडतो. दोन्ही बाजू जाणणारा डॉक्टर हा सांधा जोडू शकतो.

अमेरिकेची वाट

अमेरिकेत या दोन शाखांचे एकत्रित शिक्षण १९६७ मध्ये सुरू झाले. त्याला ‘मेड-पीड्स’ म्हणतात. दोन्ही शाखा वेगवेगळ्या केल्या तर तीन अधिक तीन, अशी सहा वर्षे लागतात. एकत्रित शिक्षण चार वर्षांचे असते. त्यानंतर दोन्ही मंडळांच्या परीक्षा देता येतात. शिक्षणकाळात पगारही मिळतो.

मात्र वाट अरुंद आहे. जागा वर्षाला चारशेच्या आसपास आणि त्यांपैकी बहुतेक अमेरिकेतच शिकलेल्यांना मिळतात. भारतीय पदवीधराला आधी यूएसएमएलईची पहिली पायरी आणि दुसरीची ज्ञानपरीक्षा द्यावी लागते, शिवाय ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. पहिल्या पायरीत २०२२ पासून गुण न देता केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागतो. त्यामुळे दुसऱ्या पायरीच्या गुणांचे वजन वाढले आहे.

अर्ज सप्टेंबरात जातात, मुलाखती हिवाळ्यात होतात. मग उमेदवार व रुग्णालये परस्परांची पसंतीयादी देतात आणि मार्चमध्ये संगणक जोड्या लावतो. लागलेली जोडी बंधनकारक असते. पतिपत्नी दोघेही डॉक्टर असतील तर त्यांना आपल्या याद्या जोडून देता येतात.

शिफारसपत्रे मेडिसिन आणि बालरोग, दोन्ही विभागांतील अध्यापकांची असावीत. अर्जातील निवेदनात ‘दोन्ही का?’ याचे उत्तर हवे. ‘मला सगळेच आवडते’ एवढे म्हणून भागत नाही. आपण कोणता रुग्ण पाहिला, कोणती उणीव जाणवली, हे साध्या शब्दांत सांगावे. जागा थोड्या असल्याने बरेच उमेदवार सोबत एकट्या मेडिसिनसाठी किंवा बालरोगासाठीही अर्ज करतात.

एक अट घरच्यांनी आधीच समजून घ्यावी. जे-१ व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरला, सूट मिळाली नाही तर, शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. परतून भारतात काम करायचे असल्यास ती पदवी येथे कोणत्या नावाने नोंदली जाईल, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून अगोदरच लेखी विचारून घ्यावे.

घराजवळची वाट

आपल्याकडे याला सर्वांत जवळचा अभ्यासक्रम म्हणजे फॅमिली मेडिसिनचा डीएनबी. तो एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा असतो आणि त्यात मेडिसिन व बालरोगांबरोबर शस्त्रक्रिया, प्रसूती हे विषयही येतात. प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर मिळतो. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. कोझिकोडच्या शासकीय महाविद्यालयात या विषयाचे एमडीही आहे. २००२ आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांनी फॅमिली मेडिसिनवर भर दिला होता. तरीही पसंतीचा अर्ज भरताना अनेक विद्यार्थी हा विषय तळाशी टाकतात.

पानिपतच्या विद्यार्थ्याला रोहतकची पदव्युत्तर संस्था, कर्नालचे कल्पना चावला महाविद्यालय आणि जिल्ह्यातील इसराना येथील खासगी महाविद्यालय जवळ आहे. पण हरियाणात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस केले असेल तर सेवेच्या बाँडची कलमे आधी नीट वाचावीत. याच बाँडवरून २०२२ मध्ये रोहतकला विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केले होते. पुढील शिक्षण, परदेशगमन आणि बाँडची रक्कम यांचा हिशेब अर्जापूर्वी मांडावा, प्रवेश मिळाल्यावर नव्हे.

निर्णय घेण्यापूर्वी

पालकांनी मुलाला ‘कोणता विषय?’ एवढेच न विचारता ‘कोणासाठी?’ असेही विचारावे. मोठ्या शहरात जन्मजात विकारांच्या तरुण रुग्णांचा विभाग उभारायचा असेल, तर अमेरिकेतील चार वर्षे मोलाची ठरतील. गिरणीच्या वस्तीत दवाखाना थाटायचा असेल, तर फॅमिली मेडिसिन अधिक उपयोगी, कारण तेथे बाळंतपणाचा सल्लाही लागतो आणि जखमेला टाकेही घालावे लागतात.

मुलानेही अर्ज भरण्यापूर्वी काही दिवस अशा एखाद्या दवाखान्यात बसून पाहावे. सकाळी आजीचा रक्तदाब, दुपारी बाळाची लस, संध्याकाळी कामगाराचा दमा, असा दिवस सरल्यावर थकवा आला तरी उत्साह टिकला, तर विषय निवडताना चूक होण्याची भीती फारशी उरत नाही. अर्जात लिहायला खरे कारणही तेथेच सापडेल.